बरणींतलें मीठ आणि सुपांतला तांदूळ

गेल्या कार्तिकांत त्रिपुरी पौर्णिमेच्या निमित्तानें चार दिवस रामटेकास राहण्याचा योग आला. तेथें गडाच्या पायथ्याशीं आमच्या आत्याबाईंचें घर आहे. तिघे मुलगे, तिघी सुना, नातवंडें आणि सर्वांवर आत्याबाई, असा अकरा माणसांचा संसार आजही एकाच स्वयंपाकघरावर चालतो. गडावरील रामाचें दर्शन, पौर्णिमेचा दीपोत्सव, खिंडसीच्या तलावाकांठची एक दुपार, हें सर्व यथासांग झालें. पण येथें लिहावयाचें आहे तें त्या घरांत पाहिलेल्या दोन अगदीं लहान गोष्टींविषयीं.

पहिल्याच दिवशीं पानांत मीठ वाढलें तें गुलाबी. चतुर्थी नव्हे, एकादशी नव्हे, साधा दिवस. विचारतां कळलें कीं, दोन वर्षांपासून घरांत बारा महिने सैंधवच वापरतात. धाकट्या आतेभावाच्या वाचनांत कोठेंसें आलें कीं, पुड्यांतलें पांढरें मीठ म्हणजे निव्वळ रसायन आणि सैंधव तेवढें शुद्ध व सात्त्विक. त्यानें तें आणावयास आरंभ केला. उपासाचें मीठ रोजच मिळूं लागलें यांत आत्याबाईंना वावगें कांहींच वाटलें नाहीं. आणि पांढऱ्या मिठाचा डबा फडताळाच्या खालच्या कप्प्यांत, बरणीवरचे डाग घासण्यापुरता, जाऊन बसला. त्या दिवशीं मधल्या वहिनी वाढीत होत्या. त्यांना नुकताच पांचवा महिना लागला होता.

दुसरी गोष्ट मागल्या अंगणांतली. धुण्याभांड्यास येणारी बाई काम आटोपून रेशनचा तांदूळ सुपांत घेऊन बसली होती. पाखडून झाल्यावर ती त्यांतून एक एक दाणा बोटानें उचलून बाजूला टाकीत होती. खडे म्हणावे तर खडे नव्हते. किंचित् पिवळसर, जरा जाडसर असे तांदूळच होते. मीं विचारलें, तेव्हां म्हणाली, “हे दाने नकली हायेत जी, पिलाष्टिकचे. पान्यावर तरंगते.” पसाभर दाणे तिनें कोंबड्यांपुढें टाकले.

माजघरांत आयोडीन नाकारलें गेलें होतें आणि अंगणांत लोह. सुशिक्षितांनीं शुद्धतेच्या नांवाखालीं नाकारलें, अशिक्षित बाईनें भेसळीच्या भयानें. कारखान्यांतून, गिरणींतून आणि सरकारी गोदामांतून इतक्या लांबचा प्रवास करून आलेलीं तीं द्रव्यें ताटापासून हातभर अंतरावर येऊन परत फिरलीं.

आयोडीनची कथा जुनी आहे. १८११ सालीं कूर्त्वा नांवाच्या फ्रेंच गृहस्थास समुद्रशैवालाच्या राखेंत हें द्रव्य सांपडलें. गळ्यांत जी थायरॉईड नांवाची ग्रंथि आहे तिला आपला रस तयार करण्यास आयोडीन लागतें. तें न मिळालें म्हणजे ती फुगते व गलगंड होतो. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ मुलखांत हा विकार घरोघर असे; तेथें १९२२ सालीं व अमेरिकेच्या मिशिगन संस्थानांत १९२४ सालीं मिठांत आयोडीन मिसळून विकण्यास आरंभ झाला. आपल्याकडे मॅककॅरिसन नांवाच्या डॉक्टरानें गिलगिटच्या खोऱ्यांत गलगंडाचा अभ्यास केला. पुढें १९१८ सालीं त्यांनीं कुन्नूर येथें आहाराच्या संशोधनाची जी लहानशी शाळा उघडली, तीच १९५८ सालीं हैदराबादेस हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. परंतु या देशांत निर्णायक प्रयोग झाला तो कांगड्याच्या खोऱ्यांत. १९५६ सालीं डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं त्या खोऱ्याचे तीन भाग कल्पिले. एकास आयोडाइड घातलेलें मीठ, दुसऱ्यास आयोडेट घातलेलें, आणि तिसऱ्यास नुसतें. कांहीं वर्षांत पहिल्या दोन भागांतील मुलांचे गलगंड भराभर ओसरले. तिसऱ्यांत तसे ओसरले नाहींत. त्याच्या आधारावर १९६२ सालीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

त्या वेळीं समजूत अशी होती कीं, हा हिमालयाच्या पायथ्याचा रोग आहे. आपल्या बाजूस त्याचें काय? ही समजूत पुढें खोटी ठरली. पाऊस आणि पूर जमिनींतील आयोडीन धुऊन नेतात, आणि जमिनींत नाहीं तें धान्यांत कोठून येणार? देशांतील ४१४ जिल्ह्यांची पाहणी झाली, तींत ३३७ जिल्ह्यांत हा विकार आढळला. समुद्राच्या मिठांत तरी तें असेल असें पुष्कळांस वाटतें; पण पाणी आटून मिठाचे खडे बनतांना आयोडीन बहुतेक मागेंच राहून जातें. सैंधव म्हणजे कोणे एके काळीं आटलेल्या समुद्राचेंच मीठ. त्याचीही तीच गत. त्याचा गुलाबी रंग लोहाच्या लेशामुळें आहे, आणि तो लेश पानांतील चिमटीभर मिठांतून शरीरास उपयोगी पडावा इतका नाहीं. सैंधवाचें उपासांत स्थान आहे तें राहो. तें बारा महिन्यांचें मीठ व्हावें अशी जुन्या पाकशास्त्राची अपेक्षा होती असें मला तरी कोठें आढळलें नाहीं.

गलगंड दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. जें दिसत नाहीं तें अधिक भयंकर आहे. पोटांतील गर्भाची स्वतःची ग्रंथि पहिल्या चार-पांच महिन्यांत पुरती कामास लागलेली नसते. तोंवर त्याच्या मेंदूची घडण मातेच्या ग्रंथीच्या रसावर चालते. तो रस फारच तोकडा पडला तर मूल बहिरें, मुकें, मंदबुद्धि निपजण्यापर्यंत मजल जाते. आणि थोडा तोकडा पडला तर घरांतील कोणाच्याही ध्यानांत न येतां मुलाची बुद्धि आपल्या पुऱ्या उंचीस पोहोंचत नाहीं. ही उणीव मागाहून भरून निघत नाहीं. म्हणूनच १९९२ सालीं त्या सरकारी कार्यक्रमाचें नांव बदलून ‘गलगंडा’च्या जागीं ‘आयोडीन-न्यूनताजन्य विकार’ हे शब्द घालण्यांत आले. आणि एवढ्या मोठ्या अनर्थावर उपाय किती? प्रौढ माणसास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीस २५० च्या सुमारास. साऱ्या आयुष्याचें आयोडीन एका चहाच्या चमच्यांत मावेल!

इतकें थोडें द्रव्य टनावारी मिठांत सारखें मिसळावयाचें, मिठाचा रंग, चव, वास यांत केसाइतकाही फरक पडूं द्यावयाचा नाहीं, आणि तें गुजरातच्या आगरांतून विदर्भांतील स्वयंपाकघरापर्यंत टिकवावयाचें, येथें खरें कौशल्य आहे. थंड कोरड्या देशांत पोटॅशियम आयोडाइड चालतें. आपल्या दमट हवेंत त्यांतील आयोडीन मोकळें होऊन उडून जातें. पोटॅशियम आयोडेट त्या मानानें चिवट. म्हणून आपल्याकडे तेंच घेतात. एका टन मिठास अवघें पन्नास ग्रॅम आयोडेट पुरतें. त्यानें दर दहा लाख भागांत तीस भाग आयोडीन पडतें. घरीं पोहोंचेपर्यंत त्यांतलें पंधरा भाग तरी उरावें असा नियम आहे. म्हणजे निम्मा वाटखर्च आधींच हिशेबांत धरलेला! पंधरा भागांच्या मिठांतून दहा ग्रॅममागें १५० मायक्रोग्रॅम मिळतें. यावरून मीठ अधिक खावें असें मात्र कोणी समजूं नये; डॉक्टर मंडळी पांच ग्रॅमांवर थांबावयास सांगतात, आणि जितकें थोडें खावयाचें तितकें तें चांगल्या कसाचें हवें.

नियम झाले म्हणून मीठ सुधारलें असें नाहीं. आयोडीन नसलेलें मीठ खाण्यासाठीं विकण्यास १९९८ सालीं देशभर बंदी झाली, २००० सालीं ती उठली, २००६ सालीं पुन्हां आली. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणींत शंभरांतील सुमारें ७६ घरांतच पुरेसें आयोडीन असलेलें मीठ आढळलें. उरलेल्या चोवीस घरांत सगळीं गरिबाचीं घरें असतील असें आपण सहज धरून चालतों. आत्याबाईंचें घर पाहिल्यावर माझी तरी ती समजूत राहिली नाहीं.

योगायोगानें तिसऱ्या दिवशीं गांवांतील आशाताई मिठाची चाचणीपेटी घेऊन आल्या. पेटी म्हणजे दोन इवल्याशा कुप्या. मीं त्यांच्यापुढें तीन बशा ठेवल्या. पहिलींत त्याच सकाळीं वाण्याकडून आणलेलें मीठ. थेंब पडतांच जांभळ्याहून गडद झालें. दुसरींत सैंधव, थेंब पडला तसाच ओला डाग राहिला. तिसरींत खालच्या कप्प्यांतल्या डब्याचें पांढरें मीठ, दोन वर्षांपूर्वींचें, झाकण सैल, शेजारीं पाण्याचा नळ. तें फिकट, कोकमाच्या पाण्यासारखें झालें. मुलांना ही गंमत फार आवडली. आत्याबाई मात्र त्या तिसऱ्या बशीकडे बराच वेळ पाहत होत्या. “म्हणजे आम्हीं घरांत आणून घालवलें म्हणावयाचें,” असें त्या म्हणाल्या.

तें खरें होतें. मिठास पाणी सुटतें तें बहुधा त्यांतील मॅग्नेशियमच्या क्षारामुळें. तें पाणी झिरपत तळाशीं जातें आणि आयोडीनलाही बरोबर नेतें. उघड्या पोत्यांतलें वरचें मीठ निःसत्त्व, तळचें ओलें. घरांतही शेगडीशेजारीं उघड्या वाटींत मीठ ठेवण्याची चाल आहे, जाडें मीठ धुऊन घेण्याची आहे, भाजून कुटण्याची आहे. पूर्वीं मीठ मातकट येई तेव्हां त्या शहाणपणाच्याच होत्या. आजच्या मिठाला मात्र चिनी मातीची किंवा कांचेची बरणी, घट्ट झाकण, कोरडा चमचा आणि शेगडीपासून चार हात अंतर एवढेंच लागतें. एकदम चार महिन्यांचें भरूं नये. वरणभाजींत तें शेवटीं घातलें तर अधिक बरें.

आत्याबाईंची एक शंका उरली होती, आणि ती मला रास्त वाटली: हें मीठ लोणच्यास चालतें काय? पुष्कळ घरीं ऐकलें आहे कीं, आयोडीनच्या मिठानें लोणचें काळें पडतें, मऊ होतें. दहा लाखांत तीस भाग म्हणजे पायलीभर फोडींच्या लोणच्यांत आयोडीन कणभरही नव्हे. निरनिराळ्या देशांत खारवलेल्या भाज्यांवर याचे प्रयोग झाले आहेत आणि रंगांत वा चवींत फरक आढळलेला नाहीं. आत्याबाईंनीं हें ऐकून घेतलें. कैरीच्या दिवसांत एक लहान बरणी घालून पाहूं, म्हणाल्या. पन्नास वर्षांचा हात माझ्या बोलण्यावर कां विसंबावा?

मिठाचा उपाय इतका साधला, तेव्हां त्यांतूनच लोहही द्यावें हा विचार ओघानेंच आला. आपल्याकडील बायकांच्या रक्तक्षयाचें दुखणें जुनेंच आहे. पण लोह आणि आयोडेट यांचें सख्य नाहीं. ओल लागली कीं लोह आयोडेट फोडतें. आयोडीन उडून जातें आणि मीठ पिवळें-तांबूस पडतें. एक गुण देतांना दुसरा गेला आणि रूपही गेलें! हैदराबादच्या संस्थेनें लोहास एका फॉस्फेटानें बांधून ठेवण्याची युक्ति काढली. कॅनडांतील संशोधकांनीं लोहाच्या कणांवर स्निग्ध पदार्थाचें कवच चढविलें. दोन्ही युक्त्यांनीं पुष्कळ साधलें. तरी असें मीठ जेथें वांटलें गेलें तेथें भाजींत काळपट ठिपके दिसतात अशा तक्रारी आल्याच. गृहिणी आधीं डोळ्यांनीं पारखते, मग जिभेनें. पुड्यावरचे आकडे वाचण्याचा क्रम शेवटचा. हें ओळखून १९५३ साली वनस्पति तुपांत जीवनसत्त्व ‘अ’ घालणें सक्तीचें केलें, तेव्हां त्यानें रूप वा वास यांत कांहीं फरक पडला नाहीं, म्हणून त्या एका बाबतींत कोणी तक्रार केली नाहीं. वनस्पतीविरुद्ध बाकीच्या तक्रारी काय थोड्या होत्या!

आतां अंगणांतल्या सुपाकडे वळूं. रामटेक-मौद्याचा हा भाग धानाचा. पेंचच्या कालव्याचें पाणी आल्यापासून अधिकच. पूर्वीं घरोघर उखळांत धान सडत, आणि कोंड्याचा पातळ पापुद्रा दाण्यावर राही. गिरण्या आल्या, तांदूळ शुभ्र झाला, आणि पापुद्र्याबरोबर ‘ब’ वर्गाचीं जीवनसत्त्वें व बरेंचसें लोह कोंड्यांत गेलें. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हां त्यानें हातसडीच्या तांदुळाचा हिरीरीनें पुरस्कार केला. हातसडीचा तांदूळ लौकर कीडतो, शिजावयास वेळ लागतो आणि पंक्तींत शुभ्र दिसत नाहीं, शुभ्रता जिंकली. एकदां काढून टाकलेलें सत्त्व आतां दुसऱ्या वाटेनें परत घालावयाचें आहे. त्यांत ब-१२ हें जीवनसत्त्व तर तांदुळांत कधींच नव्हतें; तें दूधदुभतें, अंडीं, मांस यांतच असतें. शाकाहारी घरांत दूध कमी पडलें कीं ब-१२ ची उणीव पडते, हें आपण पांढरपेशांनींही लक्षांत ठेवलेलें बरें.

बाईनें टाकलेले दाणे प्लास्टिकचे नव्हते. ते तांदुळाच्याच पिठाचे होते. पिठांत लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ यांची पूड मिसळून, तें ओलसर व गरम करून, शेवयांच्या सोऱ्यासारख्या यंत्रांतून दाबून काढतात. बाहेर पडतां पडतां तांदुळाएवढे तुकडे कापतात आणि वाळवतात. असा एक किलो दाणा शंभर किलो तांदुळांत मिसळतात, म्हणजे एका किलोंत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह पडतें. पूड नुसती वरून लावली तर पहिल्याच धुण्यांत जाईल. दाण्याच्या पोटांत मळली म्हणजे धुतां-शिजवितांना पुष्कळशी टिकते. पेज काढून भात वेळण्याची चाल असेल तर पेज टाकूं नये.

येथेंही दिसण्याचें भय आहेच. शरीरांत चटकन् शोषलें जाणारें लोह घ्यावें तर भात काळवंडतो. म्हणून फेरिक पायरोफॉस्फेट नांवाचें पांढरें, बेचव लोह घेतात. तें कमी शोषलें जातें, तरी भाताचा रंग राखतें. महिन्याचें माणशी पांच किलो रेशन सर्वच तांदुळाचें धरलें तरी दिवसाला यांतून साडेचार ते सात मिलिग्रॅमच लोह मिळावयाचें. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यांतलेंही कमी होतें. लिंबू, आवळा किंवा आपलें नागपुरी संत्रें खाल्लें तर थोडें अधिक अंगीं लागतें. हा उपाय फार मोठा नाहीं. पण ज्या घरांत पालेभाजीलाही पैसा पुरत नाहीं तेथें तो फेकून देण्यासारखाही नाहीं.

२०२१ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनीं हा तांदूळ सर्व सरकारी योजनांतून देण्याचें जाहीर केलें. गडचिरोलींत तर त्यापूर्वींच त्याचा प्रयोग चालू होता. तांदूळ आला, सांगणारें माणूस त्याच्याबरोबर आलें नाहीं. पोत्यावर छापलेलें होतें, परंतु पोतें दुकानांत राहतें आणि तांदूळ बाईच्या पिशवींत जातो. दाणा वेगळा दिसतो, पाण्यावर तरंगतो, आणि भेसळीच्या गोष्टी तर रोज कानांवर येतात. तिनें काय समजावें?

मीं तिच्यासमोरच ते दाणे वाटीभर पाण्यांत शिजत घातले. दहा-बारा मिनिटांत ते मऊ झाले. बोटानें चुरडले, तिला चुरडावयास दिले. प्लास्टिक असें चुरडत नाहीं हें तिला पटलें. ती जरा हंसली, मग गंभीर होऊन म्हणाली, “मंग माह्या पोराले चालन का जी? त्याले सिकल हाय.”

ह्या प्रश्नाची मला कल्पना असावयास हवी होती. विदर्भांत सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. त्यांतील तांबड्या पेशी लौकर फुटतात, त्यांतलें लोह शरीरांतच राहतें, आणि वरचेवर रक्त चढवावें लागलें तर त्यानें आणखी सांठतें. म्हणून अशा रोग्यांनीं लोहयुक्त अन्न घेऊं नये, आणि थॅलेसेमियाच्या रोग्यांनीं डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घ्यावें, अशी सूचना पोत्यावर छापण्याचा नियम २०१८ सालीं झाला. पुढें तज्ज्ञांच्या समितीनें, अन्नांतून मिळणारें लोह इतकें थोडें असतें कीं त्यापासून अपायाचा पुरावा नाहीं, असा निर्णय दिला, आणि २०२४ सालीं ती सूचना काढून टाकण्यांत आली. सर्वसाधारण नियम म्हणून हें ठीक आहे. पण ज्या मुलास वर्षांतून किती वेळां रक्त चढतें, त्याच्या रक्तांत लोह किती सांठलें आहे, हें त्याचा कागद पाहिल्यावांचून मीं कसें सांगावें? सूचना छापलेली होती तेव्हां ती तिला वाचतां येत नव्हती. काढली तेव्हां तिला कोणी सांगितलें नाहीं.

मीं तिला प्रामाणिकपणें सांगितलें कीं, घरांतल्या बाकीच्यांनीं हा तांदूळ निवडूं नये, आणि पोराचें कार्ड घेऊन सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांस हाच प्रश्न विचारावा. थोरल्या वहिनी म्हणाल्या, “मी येतें तुझ्याबरोबर.” सोमवारीं जावयाचें ठरलें.

माझ्या निघण्याच्या दिवशीं सकाळीं स्वयंपाकघरांत दोन बरण्या मांडलेल्या होत्या. लहान बरणीवर आत्याबाईंनीं नातीकडून ‘उपास’ असें लिहवून घेतलें होतें. मोठीवर कांहींच लिहिलें नव्हतें. धाकटा आतेभाऊ ओट्याशीं उभा राहून पुड्यावरचीं अक्षरें पुन्हां पुन्हां वाचीत होता; त्याचें समाधान झालेलें दिसत नव्हतें. मधल्या वहिनींनीं त्याच्या हातून पुडा घेतला, मोठ्या बरणींत मीठ ओतलें, झाकण दाबून बसविलें आणि बरणी शेगडीपासून दूर, वरच्या फळीवर नेऊन ठेवली.